रक्त बर्लिनला पाठवू नका

बर्लिन

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारलंस, ‘रक्त सुकलेलं, पेशी मेलेल्या, मग तू मोजतेस तरी काय?’ न्यूबाउअर चेंबरवर (पेशी मोजायच्या आखलेल्या काचेवर) डोळे ताणून पेशी मोजण्यात जिची उभी नोकरी गेली, तिने हे विचारावंच.

मी डीएनए मोजते, आणि त्यावरून रक्तात कुठल्या प्रतिकारपेशी किती, ते काढते. सगळ्या पेशींत डीएनए तोच, पण चाळीत जशी कुणाची खोली उघडी, कुणाची कुलूपबंद, तसं जनुकांचं. कुलूप म्हणजे सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर बसलेला मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट. सीडी३ जनुकाचा एक ठरावीक भाग टी पेशींत (या प्रतिकारशक्तीच्या पेशी) उघडा असतो, रक्तातल्या बाकी पेशींत बंद. पेशी मेली तरी डीएनएवरची ही खूण टिकते. बायसल्फाइट हे रसायन घातलं की उघड्या सायटोसिनचं युरॅसिल होतं, मिथाइलवालं तसंच राहतं. मग पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीने) उघड्या प्रती मोजायच्या आणि दोनाने भागायचं, कारण प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचा (२०२५चं वैद्यकाचं नोबेल यांच्यावरच्याच कामाला) हिशेब मात्र आपण बायका बिघडवतो! त्यांचं फॉक्सपी३ जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि आपल्यातलं एक एक्स मुळातच निजलेलं, म्हणून दोन प्रतींपैकी एकच उघडी सापडते.

फ्लो सायटोमेट्रीला (पेशी एकेक करून लेसरपुढून नेत मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीला) धडधाकट पेशी लागतात, म्हणजे रक्त ताजं हवं. गडचिरोलीहून निघालेला नमुना उन्हातून दोन-तीन दिवसांनी पोचला की टाकूनच द्यावा लागतो. माझ्या पद्धतीत बाळाच्या टाचेतून कागदावर घेतलेला थेंब पाकिटातून आला तरी चालतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५० निरोगी आणि जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या २४ नवजात बाळांचे असे सुकलेले ठिपके तपासले होते, आणि दोषवाली बाळं त्यातून ओळखता आली. एचआयव्हीच्या ९७ रुग्णांच्या रक्तावरचे आकडेही फ्लोशी जुळले. पेशी दमली आहे की चवताळली आहे, हे मात्र माझ्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी फ्लोच हवी.

आता नंदूच्या बाळाचं. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया आणि तोंडातली बुरशी औषधानेही जात नाही, हे ऐकून मलाही जन्मजात प्रतिकारदोषाचीच शंका आली. पण रक्त इथे पाठवायचं मनातून काढून टाका. दादरहून परळ कितीसं लांब? केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, असल्या आजारांची तपासणी तिथे होते, आणि ताजं रक्त तासाभरात पोचेल. माझी पद्धत लांबच्या बाळांसाठी. बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या. बीसीजी जन्मतःच दिली असेल, तर ते आणि टोचलेल्या जागी काही सूज-जखम असेल तर तीही डॉक्टरांना नक्की सांगा. निदान होईपर्यंत पोलिओचे थेंब किंवा दुसरी कुठलीही जिवंत लस त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. नंदू ऐकणार नाही, तूच सोबत जा. तिथल्या लोकांची भाषा तुला कळते.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. सीडी३ (टी पेशी), सीडी१९ (बी पेशी) आणि एनके (नैसर्गिक मारक पेशी), तिन्ही आकडे दिसले पाहिजेत.

तुझी,
मनू