सर्व ग्राहकांना एकच वायफाय पासवर्ड दिल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
वायरलेस ब्रॉडबँड सेवा, बेळगाव.

विषय : येळ्ळूर येथील जोडण्यांवरील राउटरच्या असुरक्षित मांडणीबाबत.

महोदय,

आपली वायरलेस ब्रॉडबँड जोडणी मी येळ्ळूर येथील घरी घेतली आहे. गच्चीवरील अँटेना आणि टॉवर यांबद्दल माझी तक्रार नाही. भर पावसातही वेग टिकतो, हे मान्य केले पाहिजे. तक्रार आहे ती घरात बसवलेल्या राउटरची. नुकतेच दुसऱ्या गल्लीतील एक स्नेही प्रथमच आमच्याकडे आले असता, पासवर्ड न विचारताच त्यांचा फोन माझ्या वायफायला आपोआप जोडला गेला. त्यांच्याकडेही आपलीच जोडणी आहे. चौकशी केल्यावर कळले की, आपले तंत्रज्ञ प्रत्येक घरी नेटवर्कला कंपनीचे नाव देतात आणि पासवर्डही तोच ठेवतात. आमच्या मीटरपेटीवर तर तो मार्करने लिहूनही ठेवला आहे.

यावर ‘पासवर्ड आहे म्हणजे नेटवर्क सुरक्षितच आहे’ असे सांगून कस्टमर केअरने तक्रार बंद केली. हे उत्तर मला मान्य नाही. पासवर्डची कामे दोन असतात : आत येणारा आपल्यापैकीच आहे का, हे ओळखणे आणि हवेतून जाणारी माहिती इतरांना वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करणे. पासवर्ड गावभर एकच असेल तर पहिले काम होतच नाही. दुसऱ्याची अवस्थाही फारशी बरी नाही, कारण डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत माहिती कुलूपबंद करणारी मूळ किल्ली पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव या दोहोंपासून तयार होते. दोन्ही समान असल्याने आपल्या सर्व ग्राहकांच्या घरांची मूळ किल्ली अक्षरशः एकच आहे. प्रत्येक फोनसाठी पुढे वेगळी किल्ली बनते हे खरे, परंतु त्यासाठी लागणारे आकडे जोडणीच्या क्षणी हवेतून उघडपणे जातात, त्यामुळे मूळ किल्ली ज्याच्याकडे आहे आणि ज्याने तो क्षण टिपला आहे, त्याला ती किल्लीही काढता येते. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ या पुढच्या पद्धतीत केवळ पासवर्ड ठाऊक असून असे करता येत नाही.

शिवाय माझा फोन या नेटवर्कपुढे ‘वीक सिक्युरिटी’ अशी सूचना दाखवतो, कारण राउटरवर टीकेआयपी ही माहिती कुलूपबंद करण्याची जुनी पद्धत चालू ठेवली आहे. जुन्या यंत्रांची सोय म्हणून २००३ मध्ये आणलेली ही तात्पुरती पद्धत आज चालू ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. डब्ल्यूपीएसचा, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याच्या सोयीचा, आठ आकडी पिनही चालू आहे. तो दोन भागांत तपासला जात असल्याने जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

बँकेची ॲप्स स्वतःचे एन्क्रिप्शन (माहितीचे कुलूप) वापरतात, असेही मला सांगण्यात आले. ते खरे आहे. मात्र घरातील कॅमेरा, प्रिंटर आणि राउटरचे सेटिंगचे पान यांना त्याचा उपयोग नाही, आणि त्या पानाचा पासवर्ड आपण ग्राहकाला देतही नाही. उद्या कोणी याच नावाचे व पासवर्डचे खोटे हॉटस्पॉट उभे केले, तर आमचे फोन मुकाट्याने त्यालाच जोडले जातील. जोडणी माझ्या नावावर असल्याने कोणी तिचा गैरवापर केल्यास पहिली चौकशी माझीच होणार. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता आणि तपास प्रथम त्याच्याच दारी पोहोचला होता, हे आपणास ठाऊक असेलच.

तरी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिचा क्रमांक मला लेखी कळवावा. प्रत्येक घराला स्वतंत्र नाव आणि लांब, वेगळा पासवर्ड द्यावा. टीकेआयपी व डब्ल्यूपीएस बंद करून डब्ल्यूपीए-२ एईएस (टीकेआयपीऐवजीची अधिक भक्कम पद्धत), आणि राउटर नवा असेल तेथे डब्ल्यूपीए-३ चालू करावे. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदलून तो ग्राहकाच्या हाती द्यावा. नाव बदलल्यावर सर्व उपकरणे पुन्हा जोडावी लागतील, ती तसदी घ्यायला आम्ही तयार आहोत. गावातील इतर ग्राहकांनाही ही बाब कन्नड आणि मराठीतून कळवावी, कारण बहुतेकांना तिची कल्पनाच नाही. पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागेन.

कळावे,
आपला ग्राहक,
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव.