कोड पाकिटावर, घोळ पोत्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्या-वाशीच्या मॉलमध्ये हल्ली कॉफीच्या पाकिटांवर क्यूआर कोड दिसतात. स्कॅन केला की अनेकदा धुक्यातला डोंगर आणि हसरा शेतकरी समोर येतो. लॉट (एकत्र हाताळलेला माल) क्रमांक, हंगाम यांचा पत्ता नसतो. ही जाहिरात झाली. तिला ट्रेसेबिलिटी, म्हणजे मालाचा मळ्यापर्यंत माग काढण्याची सोय, म्हणणे धाडसाचे आहे.

माग तुटतो तो मळ्याच्या दारातच. कोडगू किंवा वायनाडमधल्या दोन एकरवाल्याकडे मोजकी पोती निघतात. व्यापारी ती उचलतो आणि ट्रक भरायला दहा-बारा घरांचा माल एका ढिगात ओततो. त्यानंतर कितीही भारी ॲप आणा, कोणता दाणा कोणाचा हे सांगता येत नाही. नोंद हवी ती ढीग होण्याआधी, काट्यावर: शेतकऱ्याचा क्रमांक, वजन, तारीख, ओलावा. काटा ब्लूटूथने फोनला जोडावा, कारण हाताने टाकलेला आकडा हमखास 'गोल' होतो. डोंगरात रेंज मिळेलच असे नाही. नोंद फोनमध्ये साठून मागाहून जाईल अशी सोय लागते. तागाच्या पोत्यावर कागदी स्टिकर टिकत नाही. टॅग शिवावा आणि तोच क्रमांक रंगानेही लिहावा.

ओलाव्याचा रकाना मात्र रिकामा राहतो आणि हिशेब तिथेच फसतो. साधारण पाच-सहा किलो पिकल्या फळांमागे एक किलो हिरवी (न भाजलेली) कॉफी मिळते, म्हणजे 300 किलोंतून 50 ते 60 किलो. नोंदीत 90 दिसले तर बाहेरचा माल आत आला, हे उघड आहे. पण अरेबिका जातीचे पार्चमेंट (साल-गर काढलेला, टरफलातला दाणा) 10 आणि रोबस्टा जातीची चेरी (सालीसकट वाळवलेले फळ) 11 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात. अर्धवट वाळलेले पोते काट्यावर जड भरते, पुढे हलके होते आणि ओलावा लिहिलेला नसला की नेक शेतकऱ्यावरही संशय येतो.

युरोपीय संघाच्या 2023 च्या कायद्यानुसार 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीतली कॉफी तिथे विकता येणार नाही. अंमलबजावणी दोनदा पुढे गेली आहे, पण इटली आपल्या कॉफीचा मोठा गिऱ्हाईक असल्याने विषय टळणारा नाही. मूळ अट अशी: मळ्याचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर सहा अंकांपर्यंत द्यायचे, 4 हेक्टरपर्यंत एक बिंदू चालतो, त्यापुढे पूर्ण हद्द आखावी लागते. प्रत्यक्षात बिंदू घराच्या ओसरीवर बसून घेतला जातो, नाहीतर व्यापाऱ्याच्या अंगणाचाच बिंदू साऱ्या गावाच्या नावावर पडतो. दाट सावलीत जीपीएसही चुकते. शिवाय मोठ्या झाडांच्या सावलीतला मळा उपग्रहाला जंगलासारखाच दिसतो; सावलीची झाडे छाटली की जंगलतोडीचा शेरा बसू शकतो. छाटणीच्या तारखेचा फोटो जपून ठेवलेला बरा.

कॉफी मंडळाने 2019 मध्ये ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणारी नोंदवही) आधारित बाजारपेठ प्रायोगिक स्वरूपात सुरू केली होती. ब्लॉकचेनमध्ये केलेली नोंद गुपचूप बदलता येत नाही, हे खरे. पण काट्यावर चुकलेला आकडाही तितकाच पक्का होऊन बसतो.

क्युअरिंगच्या (टरफल काढून दाणे निवडण्याच्या) कारखान्यात चार-पाच पोत्यांसाठी यंत्र वेगळे चालवणे परवडत नाही. म्हणून लहान शेतकऱ्यांचा लॉट गावगटाचा असावा आणि पाकिटावर तसेच छापावे. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी होते. क्षेत्र छोटे आहे, तिथे हा प्रयोग करायला काय हरकत आहे?

नेरुळ-वाशीत समोर दळून देणाऱ्या दुकानांत 'प्लांटेशन ए' (अरेबिकाची मोठ्या दाण्याची प्रत) आणि 'पीबेरी' (फळात एकच गोल दाणा असलेली) अर्धे-अर्धे मागणारे गिऱ्हाईक बरेच आहेत. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के, हे ते विचारतात. त्या दुकानदारांनी पोत्यावरचा लॉट क्रमांक बिलावर लिहून द्यावा. त्याला ॲप लागत नाही, पेन पुरते.

आपला,
एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई