अण्णा, आरशावर टाकलेल्या त्या टॉवेलबद्दल

अण्णा,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे मला. तुमचा धाकटा मोबाइलवर वाचून दाखवील आणि तुम्ही कात्री न थांबवता ‘हूं’ म्हणाल. चालेल. समोरासमोर मला हे जमलं नसतं. तुमच्या खुर्चीत बसलं की मान खाली घालायची आणि गप्प राहायचं, एवढंच मला येतं.

आधीचं तुम्हाला अर्धंमुर्धंच माहीत आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही. चौतिसाव्या वर्षी डोक्याचा पुढचा भाग मोकळा झाला होता. पाहण्याच्या दोन कार्यक्रमांत मुलीकडच्यांनी ‘फोटो जुना आहे का?’ असं विचारलं. तिसऱ्या कार्यक्रमाआधी मी हप्त्यावर पैसे काढले आणि दिवाळी उरकल्यावर एका मोठ्या शहरात जाऊन केस लावून आलो. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, उगाच त्यांची जाहिरात नको. तिथल्या भिंतीभर फोटो होते, सगळे समोरून काढलेले. माझ्या कपाळावर पेनानं रेघ तीनदा आखली, तीनदा पुसली, दर वेळी आरसा दाखवला. मी एकदाच विचारलं, ‘मागं व्रण राहील का?’ तर सूट घातलेला पोरगा हसला. ‘केसांखाली काय दिसतंय, सर!’

गंमत अशी की या सगळ्या धंद्याचं भांडवल मागेच असतं. मागचे केस उपटून पुढे लावले तरी ते आपला मागचा स्वभाव सोडत नाहीत, कायमचे गळत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली हे मांडलं आणि त्यावरच सगळी इमारत उभी आहे. माझ्या डोक्यामागून, या कानापासून त्या कानापर्यंत, बोटभर रुंद पट्टी काढली आणि कडा ओढून शिवल्या. त्यानंतर त्या बाजूला कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाराव्या दिवशी टाके काढले आणि चौदाव्या दिवशी मी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कामावर हजर. माझं काम चेकिंगचं, पण माणसं कमी होती म्हणून टॉवेलच्या गठ्ठ्यांना हात लावला. वजन उचलू नका, मान फार वाकवू नका, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नसतं. कातडी आतून जुळून यायला कितीतरी आठवडे लागतात आणि तोवर मागून ताण बसला की व्रण रुंदावतो. हे सगळं मला नंतर कळलं. दीड महिन्यात पुढे लावलेले केस गळून गेले. ते गळतातच, पुन्हा येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढचं गेलं आणि मागं मात्र खाज सुटली, लाल वळ उठला. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘नॉर्मल आहे’. त्याखाली पाच तारे द्यायची लिंक.

मग संक्रांतीआधीचा तो रविवार. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या तोंडावर तुमच्याकडं किती गर्दी असते, तुम्हाला सांगायला नको. बाकावर सहा-सात जण, एक उभा. मी पोराच्या खुर्चीत बसणार होतो. तुम्ही मला तुमच्या खुर्चीत घेतलंत, कंगव्यानं मागचे केस वर उचललेत आणि थांबलात. क्षणभरच. मला समोरच्या आरशात तुमचा चेहरा दिसत होता. तिथं मी ‘अरे बापरे’ ऐकायची तयारी करून बसलो होतो.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. खिळ्यावरचा टॉवेल काढून झटकलात आणि मागच्या भिंतीवरच्या आरशावर वाळत घातल्यासारखा टाकलात. मग माझ्या आणि बाकाच्या मधे जे उभे राहिलात ते शेवटपर्यंत हलला नाहीत. एरवी तुम्ही खुर्चीभोवती फिरत कापता. त्या दिवशी तुम्ही खुर्चीच फिरवत राहिलात. झीरो मशीन नाही, मानेला वस्तरा नाही, तुरटी नाही. शेवटी हातातला आरसा मागं धरून ‘बरोबर?’ असं विचारायची तुमची तीस वर्षांची सवय, तीही त्या दिवशी मोडलीत. पोरगा आरसा घेऊन आला तर त्याला डोळ्यानंच परत पाठवलंत.

मी स्कूटरला किक मारत होतो तेव्हा तुम्ही बाहेर आलात.

‘मालक, शिवण उठतीय.’

मी म्हटलं, ‘नॉर्मल आहे म्हणालेत.’

‘वस्तऱ्यानं मानेवर गाठी आलेली माणसं मी किती बघितलीत. त्याला पण आधी असंच खाजतंय. उद्याच जावा की चामडीच्या डॉक्टरकडं.’

मी कच खात विचारलं, तुमच्याकडं एखादं तेल असेल तर? त्यावर तुम्ही जे बोललात ते मी त्या दिवसापासून कितीजणांना ऐकवलं असेल! ‘तेल कसलं? केसापर्यंत माझं काम. खाली चामडी, ती डॉक्टरची.’

लाखाच्या घरात पैसे घेणाऱ्यांना आपलं काम कुठं संपतं हे माहीत नव्हतं, आणि ऐंशी रुपये घेणाऱ्याला होतं. डॉक्टर कोटणीसांच्या सोलापुरात मला डॉक्टरांचा रस्ता सलूनवाल्यानं दाखवला. त्यांच्या स्मारकावरून जाताना हे आठवलं की अजूनही हसू येतं.

डॉक्टर मॅडम भल्या निघाल्या, त्यांचे आभार वेगळे मानले आहेत. त्यांनी हात लावून बघितलं आणि सांगितलं की हा केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर पसरत जाणारा व्रण नाही, हा व्रण जखमेच्या हद्दीतच फुगलाय, वेळेवर आलात. व्रणातच स्टेरॉइडची इंजेक्शनं, महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतरानं चार. दुखतात, खोटं कशाला बोलू. सिलिकॉनचं जेल, बोटानं हलकं मालिश, आणि मावा बंद. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. नव्या व्रणाला ऊन लागलं तर तो काळपट पडतो, म्हणून एप्रिल-मेच्या आपल्या त्या भट्टीत मी पंचा बांधून फिरलो. लोकांना वाटलं, उन्हाळा बाधतोय.

त्यांच्याकडूनच कळलं की बिनव्रणाचं असं काही नसतंच. एकेक मूळ टोचून काढायच्या पद्धतीतही ठिपके राहतात, आणि हावरेपणानं जास्त मुळं काढली तर मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. पट्टी काढायचीच तर शिवताना एका कडेची वरची साल किंचित तासतात, मग व्रणातूनही केस उगवतात. हे सगळं आधी विचारायला हवं होतं, मालक. (बघा, तुमचा शब्द मला लागला.)

पण इलाज चालू होता त्या वर्षभरात मला माणसात वावरायचं होतंच की. लग्नाच्या हॉलमधे शेवटची रांग, एसटीत मागचं बाक, कुठंही गेलो तरी पाठ भिंतीला. त्या साली यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला मी तळ्याच्या बाजूला, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो, का तर माझ्या मागं कुणी उभं राहू नये. तुम्ही दर तीन आठवड्यांनी मागचे केस कंगव्यावर धरून कात्रीनं असे कापत गेलात की वरचा थर व्रणावर बसावा. जास्तीचे पैसे दिले तर परत खिशात कोंबलेत. आणि प्रत्येक वेळी मी आत शिरायच्या आधी टॉवेल आरशावर असायचा. मला येताना बघून टाकत होता की रविवारी सकाळीच टाकून ठेवत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

माझी नोकरी टॉवेल उलटून बघायची आहे, अण्णा. चेकिंगला बसलेला माणूस माल पहिल्यांदा उलट्या बाजूनं बघतो, कारण सुलट बाजू सगळेच बघतात. आपल्या पूर्व भागात मागावर तार तुटली तर माग थांबवून ती जोडणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिलेत. तुटलेली तशीच पुढं रेटून वर छान घडी घालणारेही पाहिलेत. तुम्ही पहिल्या जातीतले. अशा माणसांच्या दुकानावर पाटीसुद्धा धड नसते. तुमची तर ‘सलून’मधला ‘लू’ उडालेली आहे.

परवा संक्रांतीआधी आलो तेव्हा तुम्ही न विचारता टॉवेल काढलात आणि हातातला आरसा मागं धरलात. ‘बघा.’ मी बघितलं. केस बाजूला केल्यावर एक फिकट रेघ दिसते, टॉवेलच्या काठाच्या शिवणीइतकी. शोधणाऱ्याला सापडेल. मला बोलायला काही सुचेना, म्हणून मी तुमच्या हातातला टॉवेल चाचपून बघितला. आमच्याच कारखान्याचा, सेकंडचा माल, काठाला लूप सुटलेले. म्हटलं, पुढच्या वेळी चांगला आणतो, हा टाकून द्या.

तुम्ही तो घडी करून खिळ्याला अडकवलात. ‘असू दे की. आरसा झाकायला बरा आहे. अजून कोण कोण येतंय, काय सांगावं.’

तुमचा,
दर तिसऱ्या रविवारचा गिऱ्हाईक