130 वर्षांचं काडतूस, कोरी रायफल आणि बाबांचा प्रश्न

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही फटकन म्हणालात की 1894 सालचं काडतूस आणि त्याच्यासाठी कोरी करकरीत रायफल, डोकं फिरलंय का तुझं, आणि तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला आणि विषय थेट माझ्या जेवणावर गेला. म्हणून आता निवांत बसून टाइप करतेय. इथं स्वीडनमध्ये सहा वाजेतो अंधार होतो, करायला दुसरं काही नसतंच.

तर लायसन्स आलं एकदाचं. शिकारीची परीक्षा आधीच पास झाले होते पण इथं प्रत्येक बंदुकीला पोलिसांचं वेगळं लायसन्स लागतं, घरात लोखंडी कपाट लागतं, सगळं रीतसर. रायफल तिका कंपनीची आहे, फिनलंडची, स्टेनलेस नळी, काळा प्लास्टिकचा दस्ता, पुढे सायलेन्सर (इथं तो सर्रास लावतात, सिनेमातल्यासारखं काही नाही, कान वाचतात एवढंच). आणि काडतूस तेच 1894 चं, 6.5×55 (गोळी साधारण 6.5 मिलिमीटर जाडीची, पितळी पुंगळी 55 मिलिमीटर लांब). क्लबमधली तरुण पोरं तुमच्यासारखंच बोलली मला, म्हणे 6.5 क्रीडमूर काडतूस घे ना, 2007 सालचं आहे, मॉडर्न आहे. म्हणलं मॉडर्न म्हणजे नक्की काय ते तरी सांगा.

आता हे बघा. स्वीडन आणि नॉर्वे तेव्हा एकाच राजाखाली होते, दोघांनी मिळून हे काडतूस ठरवलं, स्वीडननं ते माउझर रायफलीत घातलं आणि नॉर्वेनं क्राग-योर्गेनसन रायफलीत. कल्पना साधी होती, गोळी बारीक पण लांब आणि जड, 10.1 ग्रॅम, आणि ती सरळ जावी म्हणून नळीच्या आतल्या खाचांचा पीळ घट्ट, 20 सेंटीमीटरला पूर्ण एक फेरा. लांब गोळी वाऱ्यानं कमी हलते आणि आत खोल जाते. आजची फॅशनची काडतुसं काय करतात? हेच करतात! लांब गोळी, घट्ट पीळ. माझ्या नव्या नळीचा पीळ 8 इंचाला एक, म्हणजे जवळजवळ तोच. 130 वर्षांनी सगळे फिरून तिथंच आलेत आणि वर आम्हाला जुनाट म्हणतायत.

फरक पडलाय तो बाकीच्या गोष्टीत. तेव्हाची गोळी गोल नाकाची, सैन्यासाठी, न उमलणारी. आता त्याच वजनाच्या शिकारीच्या गोळीत शिसं बाहेरच्या कवचाला आतून पक्कं जोडलेलं असतं, म्हणजे जनावरात शिरल्यावर ती उमलते पण फुटून विखरत नाही. दारू सुधारली, थंडीत पूर्वीइतकी मंदावत नाही. पोलाद तर काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. आईच्या जुन्या पितळी पातेल्याला नवीन शेगडी मिळाली तर पातेलं टाकून द्यायचं का, सांगा.

क्रीडमूरवाले म्हणतात त्यांचं काडतूस आखूड, म्हणून रायफल आखूड आणि हलकी होते. कबूल, पण इतर रायफलींत. तिका सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची अ‍ॅक्शन (काडतूस आत ढकलून बंद करणारा भाग) वापरते, बोल्ट तेवढाच, बॉडी तेवढीच, मग आखूड काडतूस घेऊन मी काय मिळवलं? उलट माझ्या पुंगळीत लांब गोळीला मागे ऐसपैस जागा आहे. आणि प्रेशर बघा, युरोपातल्या नियमानं 6.5×55 ची कमाल मर्यादा 3800 बार, क्रीडमूरची 4350. जुन्याची कमी ठेवलीये कारण त्या म्हाताऱ्या रायफली अजून वापरात आहेत, क्रागला तर बोल्ट अडकवायला पुढे एकच लग (खुंटी) आहे, तिथं जोर करून चालत नाही. नव्या रायफलीला 3800 म्हणजे काहीच नाही. क्लबमधले काही म्हातारे घरी स्वतः काडतुसं भरतात आणि नव्या रायफलीसाठी थोडी जास्त दारू घालतात. मला त्याची गरज वाटत नाही. धक्का कमी बसतो, खांदा दुखत नाही, म्हणून चाप ओढताना मी दचकत नाही, आणि माझ्यासारख्या नवशिकीला तेच सगळ्यात महत्त्वाचं. 80 मीटरवर रुळावरनं पळणारं मूसचं (इथलं मोठ्ठं हरीण) चित्र असतं प्रॅक्टिसला, दचकलात की गेला बार हवेत.

इथल्या कायद्यात पण मजा आहे. मूससाठी गोळी 9 ग्रॅमची असेल तर 100 मीटरवर 2700 ज्यूल ताकद लागते, पण 10 ग्रॅम किंवा जास्त असेल तर 2000 चालतात. आणि आपली जुनी गोळी किती? 10.1. म्हणजे कायदासुद्धा या काडतुसाकडे बघून लिहिल्यासारखा आहे.

आणि बाबा, तुमचा तो जिम कॉर्बेट, चंपावतची वाघीण मारली म्हणून 1907 मध्ये त्याला बक्षीस मिळालेली रायफल कुठली होती? .275 रिग्बी. म्हणजे 7×57 माउझरच, इंग्रजांनी आपलं नाव चिकटवलं एवढंच. ते काडतूस तर माझ्या काडतुसाहून जुनं, 1892-93 चं, आणि रिग्बी कंपनी आजही त्या काडतुसात नवीन रायफल बनवून विकते. किंमत बघून मी पान बंद केलं, ते सोडा.

आता खास तुमच्यासाठी. क्लबमध्ये एक आजोबा आहेत, पुंगळ्या जमवतात, बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून ठेवल्यात. मी पुण्याची म्हणल्यावर उठले आणि डबा घेऊन आले आणि एक .303 ची, म्हणजे जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीची, पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. काळपट पडलेलं पितळ, जाड कडा, आणि बुडाला प्रायमरच्या (ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) भोवती ठोकलेलं के, एफ, मधे छोटा बाण, आणि साल 43. किर्की, म्हणजे आपली खडकीची दारूगोळा फॅक्टरी! मला तर ओरडावंसं वाटलं, अहो आजोबा माझे बाबा तिथं होते, ती फॅक्टरी 1869 पासून आहे, आम्ही रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये वाढलो, भोंग्यावर घड्याळ लावायचो. मग त्यांना .315 बद्दल पण सांगितलं, की आपल्याकडे .303 सामान्य माणसाला मिळत नाही, लष्करी म्हणून बंदी, त्यामुळे लोकांना .315 घ्यावी लागते, आणि ती तरी कुठं नवीन आहे, जुन्या ऑस्ट्रियन मानलिखरच्या 8 एमएमवरूनच आलेली, आणि तिची काडतुसं खडकीतच बनतात. त्यांना हे माहीतच नव्हतं, वहीत लिहून घेतलं. तुमच्या कट्ट्यावर हे जरूर सांगा, देशपांडे काका तरी खूष होतील.

आई, तुझ्यासाठी. मी अजून कशालाही मारलेलं नाहीये. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली हे बरोबरच झालं, पण इथं मूस एवढे आहेत की पाइनची रोपं खाऊन जंगल उठवतात आणि दरवर्षी किती मारायचे ते ठरवून देतात. जनावर जखमी होऊन पळालं तर माग काढणारं कुत्रं 2 तासांच्या आत तिथं पोचलंच पाहिजे असा नियम आहे. तरीपण तुला नाहीच पटणार, माहितीये मला. भांडू दिवाळीत आल्यावर.

बाबा, एक काम आहे. नव्या पुंगळ्यांच्या गळ्याशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो अ‍ॅनीलिंगचा, म्हणजे पितळ तापवून मऊ केल्याचा ना? काही कंपन्यांच्या पुंगळीवर तो असतो आणि काहींच्या एकदम चकचकीत, मग चकचकीतवाल्या घासून काढतात की करतच नाहीत? आणि परत परत भरल्यावर गळा चिरतो म्हणतात तो याच्याचमुळे का? खडकीत कसं करायचात ते नीट लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज नको, तुमच्या मेसेजमध्ये निम्मा वेळ मिक्सरचाच आवाज असतो. दादाला सांगा, तो टाइप करून देईल.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू