विनूस, दुपट्यांच्या पिशवीबरोबर

कोल्हापूर,
१४ जुलै

प्रिय विनू,
स. न. वि. वि.

परवा फोनवर येणाऱ्या नातवंडासाठी पाळणा कुठला घ्यावा, बारशाला किती माणसं बोलवावीत, सगळं विचारून झालं आणि फोन ठेवता ठेवता आवाज बारीक करून म्हणालास, "बाळ खांद्यावर घेतल्यावर शर्टाचं काय करतोस रे?" लाजायचं काय त्यात? उभी नोकरी ज्याने कांजी केलेल्या पांढऱ्या शर्टात काढली त्याला हा प्रश्न पडणारच. फोनवर सांगायला गेलो असतो तर दुसऱ्या मिनिटाला तू क्रिकेटवर घसरला असतास, म्हणून लिहून कळवतो. लेक बाळंतपणाला आली तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषयच नाही.

आधी ते शर्ट कपाटात जाऊ देत. दुधाचं सोड, कांजीचं कापड तान्ह्याच्या गालाला टोचतं. शिवाय ते दूध पटकन शोषत नाही, ओघळ सरळ पँटच्या पट्ट्यापर्यंत येतो. टेरिकॉटची तीच गत. धुऊन धुऊन विरलेला सुती सदरा किंवा बिनबटणांचा गोल गळ्याचा टी-शर्ट, बस्स. खिशातलं पेन काढून ठेव. तुझं ते शाईचं पेन बाळाच्या छातीला टोचेल आणि शाई फुटली तर दुधाचा डाग बरा म्हणायची वेळ येईल. घड्याळ आणि अंगठीही काढ. वहिनींना सांग, मंगळसूत्र पाठीमागे सारायचं. आमच्या नातीची मूठ त्यात अडकली की सुटत नाही आणि वाटीची कड गालाला लागते. रंगाचंही सांगतो. गडद निळ्या-काळ्यावर वाळलेल्या दुधाचे पांढरे पट्टे दिंडी दरवाजातून दिसतात. पांढऱ्यावर आज काही दिसत नाही, पण नीट धुतलं नसेल तर आठवड्याभराने पिवळं होऊन वर येतं. बारीक चौकड्यांत सगळं खपतं.

आता मुख्य गोष्ट, दुपटं. दुकानात खांद्यावर टाकायच्या छोट्या सुबक पट्ट्या मिळतात, ससे-हत्ती छापलेल्या. लेकीच्या मैत्रिणींनी ढीगभर आणल्या. दिसायला गोड आहेत, पण निम्म्या कामाच्या. का ते सांगतो. आपण बाळाला खांद्यावर घेतो तेव्हा त्याचं तोंड कुठे असतं? खांद्याच्या पलीकडे, पाठीवर. गुळणी आली की ती पुढे येतच नाही, मागे जाते. कॉलरच्या आत शिरते आणि मणक्यावरून खाली. कोमट असते म्हणून लगेच कळतही नाही. पाच मिनिटांनी पाठ गार पडते आणि आंबूस वास येतो, तेव्हा कळतं. छोटी पट्टी पुढून शर्ट राखते, पाठ उघडी टाकते.

आमच्याकडे न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी त्या पट्ट्या बाजूला सारल्या आणि हिच्याकडे जुनेर मागितलं. हिने आईची नऊवारी काढली, अगदी विरत आलेली. मावशींनी तिचे काठ काढले, हातभर-सव्वा हाताचे चौकोन फाडले आणि कडांना दोरा घालायला हिला बसवलं. ते दुपटं दुहेरी करून खांद्यावर टाकायचं, पुढे कमी आणि मागे जास्त, निदान वीतभर तरी. मग एक टोक गळ्यापाशी कॉलरच्या आत खोचायचं, न्हावी दाढीआधी टॉवेल खोचतो तसं. हे खोचणं चुकवायचं नाही. नाहीतर बाळ मान फिरवतं, कापड हाताशी ओढतं आणि दुपटं जमिनीवर, गुळणी शर्टावर. सेफ्टी पिन मात्र लावायची नाही, कितीही मोह झाला तरी. आणि बाळ डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेशील तेव्हा दुपटंही बरोबर न्यायचं. नाहीतर दुसरं आधीच टाकून ठेवायचं, मी तेच करतो. दोन्ही खांद्यांवर दोन दुपटी टाकून मी घरभर हिंडतो. ही म्हणते, देवस्थानच्या पुजाऱ्यासारखे दिसता. दिसू दे.

जुनंच कापड का, हे मला आधी भाबडेपणा वाटायचा. पण नव्या कापडाला गिरणीतली खळ असते, ती चार-सहा धुण्यांत जाईपर्यंत पाणी वरच्या वर थांबतं. जुनेराची ती सगळी गेलेली असते, सूत मोकळं झालेलं असतं, थेंब पडला की आत. तुमच्याकडे जुनी सुती साडी नसेल तर मलमल घे. इचलकरंजीहून मी चार मीटर आणली, पण वापरायच्या आधी गरम पाण्यात भिजवून पुन्हा पुन्हा धुतली. आणि धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव घालायचं नाही. त्याचा सुतावर थर बसतो आणि मऊ झालेलं कापड शोषायचं विसरतं.

आमचे साडू बाळ बघायला आले होते, नवा सफारी घालून. पोरीला दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून उभे. तिची मान डगमगली आणि तिने असा सूर लावला की शेजारचे दारात आले. मावशींनी त्यांच्या खांद्यावर भलंमोठं दुपटं टाकलं आणि म्हणाल्या, "आता धरा की छातीशी, काय होत न्हाई तुमच्या कापडाला." साडूंनी धरलं, पोरगी गप्प. विनू, मला तर वाटतं दुपट्याचा खरा उपयोग हाच. शर्ट वाचतो ते वरकड. पण शर्टाची काळजी मनात असलेला माणूस बाळाला घट्ट धरत नाही, आणि ते बाळाला पहिलं कळतं. शिवाय आपल्या दाढीचे खुंट असतात, दुपटं गालापर्यंत वर घेतलं तर तेही लागत नाहीत.

दूध वर का येतं, हे तू विचारलं नाहीस, पण पहिल्यांदा पाहशील तेव्हा घाबरशील. अन्ननलिका पोटाला मिळते तिथली झडप तान्ह्यात ढिली असते, अन्न सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. मग थोडं वर येणारच. पहिल्या तीन महिन्यांत निम्म्या पोरांची दिवसातून एखादी तरी गुळणी होतेच. साधारण चौथ्या महिन्यात कहर होतो, बसायला लागलं की कमी होत जातं आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. कधी दह्याच्या कण्यांसारखं फाटलेलं येतं. ते दूध पोटात पोचून आंबटपणाने फाटलेलं असतं, आईच्या दुधात दोष नसतो. हे वहिनींना आधीच सांगून ठेव, म्हणजे सुनेने काय खाल्लं याची चौकशी बसणार नाही. मात्र हिरवी उलटी झाली, रक्त दिसलं, प्रत्येक पाजण्यानंतर जोरात फवारा उडायला लागला किंवा वजन वाढेना, तर दुपटं बदलत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

आणि आता गंमत ऐक. ढेकर काढली की गुळणी कमी होते, हे आपण सगळे धरूनच चालतो ना? चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात ७१ आई-बाळांच्या जोड्या घेऊन याचा रीतसर अभ्यास झाला, २०१५मध्ये तो छापून आला. निम्म्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, निम्म्यांना नाही, आणि तीन महिने नोंदी ठेवल्या. ढेकर काढलेल्या बाळांचं पोटदुखीचं रडणं काही फारसं कमी झालं नाही, आणि गुळण्या तर जास्तच झाल्या! लेकीने मला हे वाचून दाखवलं तेव्हा मी मावशींना सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. एका अभ्यासावरून सगळं मोडीत काढा असं मी म्हणत नाही. आमची पोरगी ढेकर आल्यावर मोकळी होते, ते डोळ्यांना दिसतं. पण त्यातून मी एवढं घेतलं, की ढेकर येईपर्यंत थापटत सुटायचं नाही. पंजाचा खोलगट भाग करून हलके हलके थोपटायचं, नाहीतर नुसता पाठीवरून वर हात फिरवायचा. पाच-दहा मिनिटांत आली तर आली. नाही आली तरी वीसेक मिनिटं उभं धरून मग पाळण्यात. जोरात थापटणाऱ्याच्याच पाठीवर जास्त पडतं, हे मी आमच्या घरात पाहतोय.

खांदा नको वाटला तर मांडीवर बसव. बाळाला आडवं किंवा तुझ्या कुशीकडे तोंड करून नाही, बाहेर बघत, जरासं पुढे झुकवून. एका तळव्याने छाती पेल आणि त्याच हाताच्या बोटांत हनुवटी घे. हनुवटी, गळा नाही. दुसऱ्या हाताने पाठ. असं धरलं की गुळणी पुढे पडते, म्हणून दुपटं गळ्याशी नाही, गुडघ्यांवर पसरायचं, आणि बाळाच्या गळ्यात लाळेरं. याचा फायदा असा, की तोंड आपल्या डोळ्यांसमोर असतं. ओठ हलायला लागले, जीभ बाहेर आली की आपण सावध. खांद्यावर आपल्याला काहीच दिसत नाही. तुझा खांदा दुखतो म्हणालास ना, मग तू हेच शीक. मांडीवर दुपट्याखाली रबरी कापडाचा तुकडा असू दे. तो दुसऱ्या टोकासाठी. नातू झाला तर जास्तच.

एक पथ्य. बाळ झोपलं की दुपटं उचलायचं. "परत गुळणी झाली तर असू दे" म्हणून तोंडाशी ठेवायचं नाही, नाकावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. आणि गुळणी घशात जाईल या भीतीने कुशीवर किंवा पालथंही निजवायचं नाही. डॉक्टरांनी आम्हाला बजावलंय, पाठीवरच. हिला पटायला वेळ लागला.

धुण्याचं ऐक, इथे बाया हसतात आपल्यावर. दुधाच्या डागावर गरम पाणी ओतायचं नाही, त्यातलं प्रथिन सुतात पक्कं बसतं. आधी चमच्याच्या कडेने वरचं खरवडायचं, उलट्या बाजूने गार पाण्याची धार सोडायची, मग साबण. सुती असेल तर एन्झाइमवाल्या पावडरीत अर्धा तास भिजव. तीच पावडर रेशमाला आणि लोकरीला लावू नकोस, रेशीमही प्रथिनच, त्याला खाते ती. वरच्या दुधाचे डाग आईच्या दुधापेक्षा चिवट, ते त्याच दिवशी धुवायचे. राहिलेला पिवळेपणा उन्हाने जातो. पण ऊन कुठे आहे? इथे पाऊस असा लागलाय की रंकाळ्याकडे फिरायला जाणं बंद. दुपटी पंख्याखाली, जिन्यात, देवघराच्या दारावर. इस्त्री फिरवून शेवटचा दमटपणा गेला की मगच घडी. तुमच्या सुनेची तारीख ऑगस्टची म्हणजे तुमचीही तीच तऱ्हा. म्हणून सुरुवातीला दिवसाला दहा-बारा दुपटी लागतील असं धर आणि वाळायला दोन दिवस लागतील त्या हिशेबाने तयार ठेव.

बारशाला तू रेशमी झब्बा घालणार हे मला न सांगताही माहीत आहे, आणि वहिनी येवल्याची पैठणी नेसणार. नेसू देत. पण बाळाला दूध पाजायच्या आधी मांडीवर घ्या, नंतर नाही. फोटो तेव्हाच उरका. तू सुती उपरणं घे खांद्यावर, शोभूनही दिसेल आणि काम करेल. वहिनींनी पदराची जर बाळाच्या गालापासून लांब ठेवावी. रेशमावर पडलंच तर चोळायचं नाही, सुती कापडाने टिपायचं, गार पाण्याचा बोळा फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी धुलाईवाल्याकडे.

भाचा रविवारच्या गाडीने नाशिकला येतोय, त्याच्याकडे पिशवी देतोय. आत जुनेराची आठ दुपटी आणि इचलकरंजीची उरलेली मलमल आहे. मलमल कडेला टाके घालून घ्या, नाहीतर सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो. पिशवीतल्या छोट्या डब्यात डिंकाचे लाडू आहेत, ते सुनेसाठी. तू खाऊ नकोस, साखर वाढलीय तुझी.

बारशाची तारीख ठरली की लगेच कळव, रेल्वेचं आरक्षण मिळायचं नाही ऐनवेळी. वहिनींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद.

तुझा,
बापू