गावावरून रात्री दिवे फिरले, तर चौकशी करा आणि उत्तर लेखी द्या

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर

महोदय, सविनय नमस्कार.

२०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, संभाजीनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांवरून रात्री दिवे फिरत होते. लोक म्हणाले ड्रोन आहेत, चोर टेहळणी करतायत. गेवराई तालुक्यात आमच्याकडे तरण्या पोरांनी काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घातली. माळवदावर, अंगणात झोपणाऱ्या बाया लेकरं घेऊन आत कडी लावून उकडत पडल्या. ठाण्यात फोन केला की उत्तर एकच: अफवांवर विश्वास ठेवू नका. ते दिवे कशाचे होते, हे आजपर्यंत आमच्या गावाला कुणी लेखी सांगितलेलं नाही.

साहेब, अफवा म्हटल्याने चौकशी होत नाही, आणि भीतीही जात नाही. भीतीतून जीव जातात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. आमच्या गस्तीच्या रात्री एखादा पालवाला किंवा उशिरा परतणारी मजुरांची टोळी वाटेत सापडली असती तर काय झालं असतं, याचा विचार मनातून जात नाही.

आणि रात्री आकाश बघतं कोण? शेतीची लाईट रात्रीची, म्हणून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेला शेतकरी. तो थापा मारायला जागा नसतो. त्याला दिसलेलं खरं असतं, फक्त ते काय आहे हे त्याला ओळखता येत नाही. जवानांनाही येत नाही. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांना रात्री तेजस्वी वस्तू दिसत होत्या. चीनच्या हेरगिरीचा संशय होता. लष्कराने खगोलशास्त्रज्ञांना विचारलं, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या माणसांनी निरीक्षणं तपासली आणि सांगितलं, हे गुरू आणि शुक्र आहेत. सीमेवरच्या जवानाचं जसं ऐकून घेतलं, तसंच शेतातल्या आखाड्यावरच्या शेतकऱ्याचं ऐकून घ्या, एवढीच मागणी आहे.

प्रत्येक वेळी शुक्रच निघेल असं नाही. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, जळते गोळे आकाशातून सरकताना राज्यात ठिकठिकाणी दिसले. त्याच रात्री चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत असं तज्ज्ञांनी सांगितलं, इस्रोची माणसं येऊन तुकडे बघून गेली. इंटरनेट देणारे स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यावर काही दिवस माळेसारखे ओळीने जातात, त्यानेही गावं घाबरतात. आणि ड्रोनच असेल तर मालक शोधणं सरकारला अवघड नसावं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो.

घाईघाईने दिलेलं उत्तर किती महागात पडतं, ते अमेरिकेने अनुभवलंय. तिथल्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ 'प्रोजेक्ट ब्लू बुक' चालवून १२,६१८ नोंदी तपासल्या, ७०१ चा उलगडा झाला नाही. पण मार्च १९६६ मध्ये मिशिगनच्या लोकांना दिसलेले दिवे म्हणजे दलदलीतला वायू, असं हवाई दलाचे सल्लागार ॲलन हायनेक यांनी सांगितलं आणि लोक खवळले. प्रकरण थेट संसदेपर्यंत गेलं. सरकार काहीतरी लपवतंय हा संशय तिथे अजून गेलेला नाही.

फ्रान्सची रीत मला आपल्याला जमण्यासारखी वाटते. तिथल्या राष्ट्रीय अंतराळ संस्थेत १९७७ पासून याच कामाचा छोटा विभाग आहे. गावाकडचे पोलीस जबाब घेऊन पाठवतात, विभाग तपासतो. मग प्रकरणाची चारांपैकी एका वर्गात नोंद होते: ओळख पटली, बहुधा पटली, माहिती अपुरी, तपासूनही उलगडा नाही. हे सगळं लोकांना वाचता येतं. 'कळलं नाही' असं सरकार स्वतः लिहितं, म्हणून बाकीच्या उत्तरांवर विश्वास बसतो.

आपल्याकडे माणसं आहेत. एमजीएमचं खगोल केंद्र तुमच्याच शहरात आहे, नांदेडला विद्यापीठ आहे, औंढा नागनाथजवळ तर गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहतेय. प्रत्येक पोलीस पाटलाकडे एक पानी मराठी अर्ज ठेवा. वेळ, दिशा, आवाज होता का, उजेड लुकलुकत होता की स्थिर, क्षितिजापासून किती मुठी वर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, हे शाळेतलं पोरगंही मोजेल. अर्ज तहसीलमार्फत या तज्ज्ञांकडे जावेत, ड्रोनची शंका असेल तर पोलिसांकडेही. महिन्याभरात आलेलं उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावं, उलगडा झाला नसेल तर तसंही.

सुरुवात बीड जिल्ह्यातून करा. आणि २०२४ मध्ये ठाण्यांत आलेल्या तक्रारींपासून करा. त्या रात्री जागलेली माणसं अजून उत्तराची वाट बघतायत.

आपला नम्र,
एक शेतकरी
ता. गेवराई, जि. बीड