‘मोकळे झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला म्हाताऱ्या कुत्र्यांवरचा लेख वाचला. पत्र त्याच दुपारी लिहायला घेतले होते, पण सौ. म्हणाली, आज लिहाल तर ते छापण्याजोगे होणार नाही. म्हणून एक रात्र जाऊ दिली. फारसा फरक पडलेला नाही.

लेखकमहाशय लिहितात, हल्लीचे लोक म्हातारा कुत्रा ‘इंजेक्शन देऊन मोकळे होतात’. बाकीच्या लेखाबद्दल माझी तक्रार नाही. कुत्र्यांचे वाढदिवस, केक, स्वेटर यांची त्यांनी उडवलेली टर मला आवडली. (फोटो मात्र गोऱ्या मेमसाहेबासारख्या कुठल्याशा परदेशी कुत्र्याच्या पिल्लाचा का छापला? लेख म्हाताऱ्या कुत्र्यांवर होता ना?) पण ‘मोकळे होतात’ हे दोन शब्द घशात अडकले आहेत.

मी टपाल खात्यात पोस्टमन होतो. तेव्हा कुत्र्यांचे प्रेम मला उपजत नाही, हे आपण समजू शकाल. 1987 साली एका बंगल्याच्या फाटकात मनीऑर्डर द्यायला गेलो असता तिथल्या कुत्र्याने पोटरी धरली. तेव्हा दंडात घ्यायची लस आमच्यापर्यंत पोचली नव्हती. सरकारी दवाखान्यात रोज रांग लावून पोटात चौदा इंजेक्शने घेतली. बंगल्याच्या मालकांनी मनीऑर्डर मात्र सही करून व्यवस्थित मोजून घेतली. असो.

2010 च्या पावसाळ्यात आमच्या पोस्टाच्या मागच्या शेडमध्ये पार्सलच्या रिकाम्या गोण्यांत एक पिल्लू सापडले. पत्ता नाही, तिकीट नाही. दोन दिवस कोणी न्यायला आले नाही म्हणून घरी आणले आणि नाव पार्सलच ठेवले. गल्लीतली पोरे हसायची. पण ‘ए पार्सल’ म्हटले की तो कितीही लांबून यायचा, तेव्हा पत्ता बरोबर पोचला म्हणायचा. गावठी, तांबडा, एक कान कायम खाली. आपले वर्तमानपत्र पंधरा वर्षे रोज सकाळी त्यानेच दारातून आत आणले. कोपरा चघळायचा, पण बातमीला कधी धक्का लावला नाही. अग्रलेखाच्या बाजूला मात्र त्याचा दात बरेचदा लागायचा. त्याचा दोष मी त्याला दिला नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याचे पाणी वाढले. दिवसाला तीन-तीन भांडी रिकामी करायचा आणि रात्री घरात लघवी करून कोपऱ्यात तोंड लपवून बसायचा. आम्हाला वाटले, उन्हाळा आहे. रक्त तपासले तर मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचे ते क्रिएटिनिन साडेसहा. निरोगी कुत्र्याचे दीडच्या आसपास असते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मूत्रपिंडे गेली होती आणि ती परत येत नाहीत. मग मानेच्या मागच्या कातडीखाली सलाइन देणे सुरू झाले. ते मी शिकलो. आयुष्यभर पत्रे टाकली, म्हातारपणी सुई टोचायला शिकलो. सलाइन दिले की पाठीवर उंटासारखा उंचवटा यायचा आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू जिरायचा. दीड महिना त्यावर बरा निघाला. भाकरीचा पापुद्रा खायचा, गॅलरीतल्या उन्हात पडायचा, पेपर आणायचा.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एकच विचारले, “काका, हा कशासाठी उठतो?” मी वरचीच तीन कामे सांगितली. त्या म्हणाल्या, “यातली दोन सुटली की मला फोन करा. तिसऱ्याची वाट बघू नका.”

जूनअखेर पापुद्रा सुटला. तोंडात फोड आले, श्वासाला मुतारीसारखा वास यायला लागला. नंतर उन्हात जाणे सुटले, कारण मागचे पाय उचलेनात. म्हणजे दोन झाली. फोन करायचा होता. पण आक्का म्हणाली, एकादशी तोंडावर आली आहे, असल्या दिवसांत जीव घेतात का? मुलगा बंगळुरूहून म्हणाला, शनिवारचे तिकीट काढले आहे, तोवर थांबा. मी थांबलो. खरे सांगायचे तर एकादशी आणि तिकीट या दोन्ही सोयी होत्या. मला फोन करवत नव्हता. इतकी वर्षे लोकांच्या दारात मयताच्या तारा नेऊन दिल्या, पण हा एक फोन होईना. आणि तो लबाड रोज सकाळी पुढच्या दोन पायांवर घसटत दारापर्यंत जाऊन पेपरवर तोंड ठेवायचा. उचलता यायचा नाही. मी म्हणायचो, बघा, अजून उठतोय.

शुक्रवारी रात्री एक वाजता झटके सुरू झाले. डॉक्टरीणबाई गावी गेलेल्या, फोन बंद. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना रात्री उघडा नसतो. एका खाजगी ठिकाणी फोन उचलला, पण आधी ऑनलाइन पाच हजार पाठवा, मग डॉक्टरांना उठवतो, म्हणाले. पाठवले. डॉक्टर उठले नाहीत. (ते पैसे अजून परत आलेले नाहीत. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळे पत्र लिहीन.) झटका यायचा, पाय ताठ व्हायचे, दात वाजायचे, मग मिनिटभर शांत होऊन तो माझ्याकडे बघायचा, मग पुन्हा. सौ.ने त्याचे डोके मांडीवर धरले होते. तिचा हात दोनदा चावला गेला, तिने काढला नाही. सकाळी साडेसात वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन लागला आणि त्या बसस्टँडवरून थेट घरी आल्या.

म्हणजे साडेसहा तास झाले होते, महोदय.

पुढचे लेखकमहाशयांसाठी मुद्दाम लिहितो, कारण त्यांनी ते पाहिले असावे असे वाटत नाही. पहिले इंजेक्शन गुंगीचे असते. ते दिल्यावर त्याचे दात वाजायचे थांबले. मग पुढच्या पायावरचे केस थोडे कापले, शीर शोधली आणि दुसरे दिले. ते भुलीचेच औषध, पण मात्रा इतकी की आधी शुद्ध जाते, मग श्वास, मग हृदय. दोन-तीन मिनिटे लागली. बाईंनी नळी छातीला लावून बराच वेळ ऐकले आणि मान हलवली. डोळे मिटत नाहीत. हे त्यांनी मला आधी सांगितले होते, मी ऐकले नव्हते. म्हणून मी तासभर ते मिटायचा प्रयत्न करत बसलो. मुलगा दुपारी आला.

आता सांगा, यात मोकळे कोण झाले? मी दोषी नाही असे मी म्हणत नाही. दोषी आहेच. पण इंजेक्शन दिल्याबद्दल नव्हे, ते आठ दिवस आधी न दिल्याबद्दल. असा लेख आक्काने वाचला असता तर आठाचे पंधरा दिवस झाले असते, आणि उद्या कुणा दुसऱ्याच्या घरी ते होणार आहेत.

लेखात धर्मराजाचा दाखला आहे. त्याने स्वर्ग नाकारला, पण कुत्र्याला सोडले नाही. अगदी बरोबर. पण तो कुत्रा हिमालय आपल्या चार पायांनी चढला होता आणि शेवटी तो खुद्द धर्मदेव निघाला. त्याची मूत्रपिंडे शाबूत होती. दाखला द्यायचाच तर गांधीजींचा द्यायचा. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होते, वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टर बोलावून त्याला इंजेक्शन देऊन मरण दिले, स्वतः तिथे उभे राहिले आणि तसे आपल्या पत्रात छापले. त्यांना संतापलेल्या वाचकांची पत्रे आली. अहिंसेवर प्रवचन ऐकून घेण्याची पाळी गांधीजींवर आली, तिथे मी कोण!

मोकळे होणारे लोक असतात, नाही असे नाही. म्हातारा झालेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला कुत्रा गाडीत घालून हायवेच्या ढाब्यावर सोडून येणारे. गळ्यातला पट्टा तसाच असतो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तो धावतो. माझ्या नोकरीत असे मी पुष्कळ पाहिले. 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! लेखकमहाशयांनी चिमटे काढायचे तर तिकडे काढावेत.

आणखी एक. त्याला पुरायचे कुठे? सोसायटीच्या सेक्रेटरींनी बागेत नको म्हणून सांगितले, तेही व्हॉट्सअॅपवर, वर हात जोडल्याचे चित्र टाकून. मेलेली जनावरे उचलणारी गाडी बोलावली तर तीत आधीच एक डुक्कर होते. मुंबईत मालाडला 2023 पासून महापालिकेने लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे म्हणतात. आमच्याकडच्या नगरसेवकांना ती बघायला पाठवावे, हवे तर अभ्यासदौरा म्हणून, त्यांना तो शब्द आवडतो. आम्ही त्याला गोणीत घालून मावसभावाच्या शेतावर नेले. हो, गोणीतच, पार्सलच्या. चार फूट खड्डा, खाली-वर खडे मीठ. पाऊस चालू होता.

शेवटी वितरण विभागासाठी. आपला पेपर टाकणारा मुलगा जिन्यातूनच तो फेकतो. पूर्वी चालायचे, जमिनीला लागायच्या आत उचलला जायचा. आता पागोळीखाली पडतो आणि मी गुडघे सांभाळत जाईपर्यंत भिजतो. रविवारची पुरवणीही मी तव्यावर वाळवून वाचली. त्याला कडीला अडकवून जायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
(नाव छापू नये. सेक्रेटरी वरच्याच मजल्यावर राहतात.)